वर्गातली हवा: साथ आली तरी शाळा चालू कशी ठेवायची?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ तेवढे काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज जरा मागे जाऊया. मार्च २०२०. शाळा बंद झाल्या, आणि आपल्याला वाटलं की पंधरा दिवसांची सुट्टी आहे. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग परत सुरू झाले ते २३ नोव्हेंबर २०२० ला. पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ ला. मग दुसरी लाट आली आणि परत कुलूप. पहिली-दुसरीच्या पोरांनी वर्गात पाय ठेवला तो थेट डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत ओमिक्रॉनमुळे पुन्हा बंद. २४ जानेवारी २०२२ पासून परत सुरू. म्हणजे २०२० च्या जूनमध्ये पहिलीला नाव घातलेलं मूल शाळेची घंटा नीट ऐकेपर्यंत दुसरी संपवायला आलं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. डॉक्टर नाही, शिक्षक नाही. पण माझी आई बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, आणि त्या काळात मी वर्क फ्रॉम होम म्हणून गावीच होतो. त्यामुळे हा सगळा प्रश्न मी घरात, जेवणाच्या ताटावर पाहिला. आजचा विषय तोच. साथीच्या काळात मुलं निरोगीही राहावीत आणि शाळेतही राहावीत, हे जमू शकतं का? आणि जमत असेल तर त्यामागचं विज्ञान काय आहे?

आधी दोन्ही बाजू समजून घेऊ

आईला डायबेटिस आहे. दुसऱ्या लाटेत तिच्या केंद्रातले एक गुरुजी गेले. त्यामुळे ‘शाळा उघडा, काही होत नाही’ असं कुणी टीव्हीवर बोललं की माझं डोकं सटकायचं. काही होत नाही म्हणजे काय? वर्गात माझी आई उभी असते. आणि प्रत्येक पोराच्या घरी एक आजी असते.

आता दुसरी बाजू. आईच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे. एरवी तो गावातल्या हंगामी वसतिगृहात राहून शाळा करायचा. २०२० मध्ये शाळा नाही, त्यामुळे वसतिगृहही नाही. पोराला एकटं कुठे ठेवणार? तो आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेला. ऑनलाइन क्लासची लिंक त्याच्या वडिलांच्या साध्या फोनवर उघडणार नव्हती. पुढच्या वर्षीही तो गेला. नंतर एकदा आईने विचारलं तेव्हा त्याचे वडील म्हणाले, “बाई, आता त्याला अर्धा कोयता धरलाय. उचल घेऊन बसलोय.” हजेरीपटावर नाव होतं, मुलगा नव्हता.

हे एकट्या आमच्या गावाचं नाही. ‘असर २०२२’ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचता येणारी मुलं २०.५ टक्के निघाली. २०१८ मध्ये तो आकडा २७.३ टक्के होता. शाळा म्हणजे फक्त धडे नाहीत. शाळा म्हणजे दुपारचा पोषण आहार, लोहाच्या गोळ्या, आरोग्य तपासणी, आणि मुलीचं लग्न ठरत असेल तर ‘अजून शिकतेय’ हे सांगायला एक कारण.

म्हणजे प्रश्न ‘आरोग्य की शिक्षण’ असा नाहीच. शाळा बंद हेही आरोग्याचंच नुकसान आहे. प्रश्न असा आहे की चालू शाळेतला धोका कमी कसा करायचा.

आपण नेमकं काय चुकीचं पुसत होतो?

आठवतंय ना, किराणा सॅनिटाइज करायचो. भाजी सोड्याच्या पाण्यात. शाळेच्या दारात कपाळावर ती पिस्तुलासारखी थर्मल गन. काही ठिकाणी तर माणसांवर जंतुनाशक फवारायचे बोगदे उभे केले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की माणसांवर असं फवारू नका, उपयोग नाही आणि अपाय आहे.

यामागची समजूत अशी होती की विषाणू मुख्यतः शिंकेच्या मोठ्या थेंबांतून आणि हाताळलेल्या वस्तूंतून पसरतो. मोठे थेंब काही फुटांवर खाली पडतात, म्हणून ‘दो गज की दूरी’. पण काही घटना या हिशोबात बसत नव्हत्या.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली इथे एका गायनमंडळाची तालीम झाली. ६१ जण होते. हस्तांदोलन टाळलं, सॅनिटायझर वापरलं, आणि अडीच तास बंद हॉलमध्ये गायले. त्यातले ५३ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. त्याआधी जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या १० जणांना लागण झाली. बाहेरची हवा जवळजवळ येत नव्हती, एसी तीच हवा त्या टेबलांवरून फिरवत होता.

म्हणजे विषाणू हवेत तरंगत होता. आपण बोलतो, गातो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा अतिशय बारीक कण बाहेर पडतात. ते लगेच खाली पडत नाहीत. उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर पसरतात आणि बराच वेळ राहतात. उदबत्ती अंगणात लावली तर वास लगेच विरतो, खोली बंद करून लावली तर तासाभराने आत आलेल्यालाही कळतो. एवढं एक उदाहरण डोक्यात ठेवलं तरी निम्मा विषय समजला.

आणि थर्मल गन? लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस विषाणू सोडत असतो. त्यामुळे ताप नसलेलं मूल ‘क्लिअर’ म्हणून आत जायचं. हात धुणं चांगलंच आहे, जुलाबापासून फ्लूपर्यंत अनेक रोगांना ते अडवतं. पण हवेतून येणाऱ्या रोगाला साबण पुरत नाही.

हवा मोजायची कशी?

विषाणू तर दिसत नाही. मग वर्गातली हवा शिळी आहे की ताजी, हे कळणार कसं? इथे एक सोपी युक्ती आहे, कार्बन डायऑक्साइड.

बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे दहा लाखांत ४२० भाग. आपण सोडलेल्या श्वासात तो साधारण ४ टक्के असतो, म्हणजे ४०,००० पीपीएम. आता खोलीत मीटर लावला आणि आकडा वाढलेला दिसला, तर ती वाढ कुठून आली? चूल नसेल तर माणसांच्या श्वासातूनच. म्हणजे हा मीटर तुम्हाला सांगतो की या खोलीतली किती हवा आधीच कुणाच्या तरी फुफ्फुसातून फिरून आली आहे.

गणित करून बघा. मीटर २,४२० दाखवतोय. बाहेरचे ४२० वजा केले, उरले २,०००. भागिले ४०,०००. उत्तर ५ टक्के. म्हणजे तुमचा दर विसावा श्वास दुसऱ्या कुणाचा तरी उष्टा आहे! उष्टं पाणी आपण पीत नाही, उष्टी हवा मात्र बिनधास्त ओढतो.

एक सावधगिरी. कार्बन डायऑक्साइड म्हणजे विषाणू नव्हे. सगळे निरोगी असतील तर ३,००० पीपीएमलाही कोविड होणार नाही. आणि मास्क किंवा फिल्टर लावला तर विषाणू कमी होतो, पण हा आकडा हलत नाही. हा मीटर फक्त ताज्या हवेचा हिशोब देतो.

आईच्या वर्गातला प्रयोग

डिसेंबर २०२१ मध्ये मी एक सेन्सर आणि छोटा वायफाय बोर्ड मागवला आणि डब्यात बसवून आईला दिला. मुख्याध्यापक सरांनी आधी विचारलं, “याने कोरोना कळतो का?” मी म्हटलं, “नाही सर, खिडकी उघडायची का ते कळतं.” ते हसले. म्हणाले, “मग लावा.”

वर्ग साधारण वीस बाय वीस फूट, चाळीस मुलं. थंडीची सकाळ, त्यामुळे दार आणि खिडक्या बंद. पहिला तास संपताना आकडा २,७०० च्या आसपास. वरचं गणित लावलं तर जवळपास दर सतरावा-अठरावा श्वास शेजाऱ्याचा. फक्त दार उघडलं तेव्हा आकडा उतरला, पण १,६०० वर अडकला. मग समोरासमोरच्या दोन्ही भिंतींच्या खिडक्या उघडल्या. दहा-पंधरा मिनिटांत ९०० च्या खाली. म्हणजे साधारण दर ऐंशीवा श्वास. खर्च शून्य रुपये.

गंमत म्हणजे पंख्याने काहीच फरक पडला नाही. छताचा पंखा तीच हवा ढवळतो, नवी आणत नाही. घरातला स्प्लिट एसीसुद्धा तसाच. बाहेर दिसणारा डबा फक्त उष्णता बाहेर टाकतो, हवा आतलीच फिरत राहते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या एसी अभ्यासिकेत बसून तुम्ही ऐकत असाल, तर दुपारी तीनला डोळे जड का होतात याचं एक कारण कदाचित हेच असेल.

खिडक्या उघडायला अडचणी खऱ्या होत्या हं. एका खिडकीची कडी गंजली होती. एक रस्त्याच्या बाजूची, धुरळा यायचा. आणि मुलांना थंडी वाजायची. आईने तोडगा काढला. स्वेटर घालून या, कानटोपी चालेल, युनिफॉर्मचा आग्रह नाही. कडीला सरांनी तेल घालून घेतलं.

आकडा खाली आल्याने खरंच फरक पडतो का?

अमेरिकेच्या सीडीसीने जॉर्जिया राज्यातल्या १६९ प्राथमिक शाळांचा २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शाळांनी हवा खेळती ठेवायचे उपाय केले, तिथे कोविडचं प्रमाण ३९ टक्के कमी होतं. नुसत्या खिडक्या, दारं, पंखे वापरून बाहेरची हवा घेणाऱ्यांकडे ३५ टक्के कमी, आणि त्याला फिल्टरची जोड देणाऱ्यांकडे ४८ टक्के कमी. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना मास्क बंधनकारक असलेल्या शाळांत ३७ टक्के कमी. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नाही, तुलना आहे, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या खिडकीला देऊ नका. पण दिशा स्पष्ट आहे.

मे २०२३ मध्ये सीडीसीने एक नेमकं लक्ष्यही दिलं. खोलीतल्या हवेच्या आकारमानाइतकी स्वच्छ हवा तासाला किमान ५ वेळा मिळाली पाहिजे. याला एअर चेंज म्हणतात. रंगाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत नळ सोडा. एक बादलीभर पाणी आत गेलं म्हणजे सगळा रंग गेला असं होत नाही, कारण नवं पाणी जुन्यात मिसळत जातं. पहिल्या बादलीनंतर साधारण ३७ टक्के रंग उरतो. पाच बादल्यांनंतर १ टक्क्याहून कमी. हवेचंही तसंच. म्हणून एकदा सकाळी पाच मिनिटं खिडकी उघडून भागत नाही, ती उघडी ठेवावी लागते.

आणि खिडकीच नसेल तर? शहरातले कितीतरी क्लास बेसमेंटमध्ये असतात. त्यासाठी २०२० मध्ये अमेरिकेतले इंजिनिअर रिचर्ड कोर्सी आणि फिल्टर बनवणारे जिम रोझेंथल यांनी एक जुगाड सुचवला. चार चांगल्या प्रतीचे फिल्टर चौकोनात उभे करायचे, वर चौकोनी पंखा, खाली पुठ्ठा, आणि सगळं चिकटपट्टीने बंद. झाला एअर प्युरिफायर. कित्येक शाळांत मुलांनीच ते बनवले.

शंभर वर्षांपूर्वी हे माहीत होतं

मला सगळ्यात जास्त धक्का इथे बसला. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कने नाही केल्या. तिथे साधारण १० लाख विद्यार्थी होते, आणि त्यातले तीन चतुर्थांश दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहायचे. आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड आणि बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचं म्हणणं सरळ होतं. घरातली कोंदट खोली आणि शाळेतला मोठा, उजेडाचा, हवेशीर वर्ग यांत मूल कुठे जास्त सुरक्षित आहे?

पण त्यांनी नुसती दारं उघडी ठेवली नाहीत. मुलांनी घोळका न करता थेट वर्गात जायचं. शिक्षकांनी रोज सकाळी प्रत्येक मुलाकडे नीट बघायचं. कुणी आजारी वाटलं तर वेगळं बसवायचं, डॉक्टरांनी तपासायचं, घरी पाठवायचं, आणि घरी त्याची सोय आहे का हेही बघायचं. म्हणजे ज्या व्यवस्थेच्या जिवावर शाळा चालू राहिल्या, ती व्यवस्था आधीपासून उभी होती. न्यूयॉर्कची ही बाजू विसरून नुसतं ‘तेव्हाही शाळा चालू होत्या’ म्हणणं अर्धवट आहे.

त्याहीआधी, क्षयरोगाच्या भीतीने, १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला जंगलातली शाळा निघाली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात एलेन स्टोन आणि मेरी पॅकार्ड या दोन महिला डॉक्टरांच्या पुढाकाराने खुल्या हवेचा वर्ग सुरू झाला. कडाक्याच्या थंडीत, उघड्या खिडक्या, मुलं उबदार पिशव्यांत पाय घालून बसलेली. आणि आपल्याकडे शांतिनिकेतनात झाडाखालचे वर्ग आहेतच. आपल्या हवामानात तर हे जास्त सोपं. पारावर, वडाखाली, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. लॉकडाऊनमध्ये आपल्या कितीतरी गुरुजींनी ओट्यावर, गल्लीत वर्ग भरवले, ते या परंपरेतलंच काम होतं.

एक उपाय नाही, गोधडी

‘मास्क लावला तरी झाला, मग उपयोग काय?’ हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. परदेशात याचं उत्तर द्यायला भोकांच्या चीजचं उदाहरण देतात. मी गोधडी म्हणेन. आतली प्रत्येक जुनी साडी कुठे ना कुठे फाटलेली असते. पण सगळ्यांची भोकं एकाच जागी येत नाहीत, म्हणून गोधडीतून वारा लागत नाही.

तर पुढच्या साथीसाठी, आणि खरं तर दरवर्षीच्या फ्लू आणि गोवरसाठीसुद्धा, शाळेची गोधडी अशी शिवता येईल:

१. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. एकाच बाजूला खिडकी असेल तर तिथे टेबलफॅन बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा, म्हणजे शिळी हवा बाहेर ढकलली जाते आणि दारातून नवी येते.

२. प्रार्थना, पाढे, कविता, गाणी मैदानात. मोठ्याने म्हटलं की कण जास्त बाहेर पडतात. पोषण आहाराची पंगत व्हरांड्यात, कारण जेवताना मास्क नसतोच.

३. साथ जोरात असेल तेव्हा नीट बसणारा मास्क. नाकाखाली लटकणारा नव्हे. शिक्षकांना, विशेषतः वय आणि आजार असलेल्यांना, एन-९५.

४. लस. शिक्षकांना आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आधी. मुलांना त्यांची वेळ आली की लगेच. आपल्याकडे १५ ते १८ वयोगटाला ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ वयोगटाला १६ मार्च २०२२ पासून ती मिळाली.

५. आजारी मुलाने घरी राहायचं, आणि त्याची शिक्षा नको. ‘शंभर टक्के हजेरी’चं बक्षीस साथीच्या काळात बंद करा. त्या बक्षिसापायी पोरं ताप लपवून येतात. मीच आलो होतो, सहावीत.

६. बंद करायची वेळ आलीच तर सगळ्यात शेवटी शाळा, आणि उघडताना सगळ्यात आधी. लग्नाचे हॉल आणि मॉल चालू आणि पहिलीचा वर्ग बंद, हा क्रम उलटा आहे. आणि बंद काळात वसतिगृहातली, स्थलांतर करणारी मुलं कुठे आहेत याची यादी कुणाच्या तरी हातात हवी.

सहावा मुद्दा मी यादीत मुद्दाम घातला. कारण खिडकी, मास्क, फिल्टर हे सगळं वर्गात असलेल्या मुलासाठी आहे. तो गणितातला मुलगा वर्गात नव्हताच.

जाता जाता

मीटर अजून आईच्या वर्गात आहे. कोविड गेला, डबा राहिला. आता पोरंच आकडा वाचतात. हजाराच्या वर गेला की मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, हवा उष्टी झाली!” आणि कुणीतरी उठून खिडकी सताड उघडतं.

मागच्या दिवाळीला तो मुलगा गावात भेटला. उंच झालाय. मी विचारलं, दहावीचा फॉर्म सतरा नंबरने भरता येतो, बाहेरून, माहितीये का? तो म्हणाला, “दादा, हंगाम संपल्यावर बघू.” आईने त्याचा नंबर घेतलाय. ती मागे लागणार, मला माहितीये.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या जुन्या शाळेत, भावंडांच्या क्लासमध्ये किंवा अभ्यासिकेत जा आणि फक्त एवढंच बघा की खिडक्या उघडतात का. गंजलेली कडी साथीच्या आधी सोडवणं सोपं असतं. एखादी सुटली तर मला नक्की कळवा, पुढच्या भागात सांगेन.

चला, भेटूया. आणि हो, हे ऐकताय ती खोली बंद असेल तर आधी खिडकी उघडा!